चढावरचा पहिला गिअर

चाळिसाव्या दिवशी सकाळीही इनायने दोन ताटं मांडली आणि थोड्या वेळाने दोन्ही तशीच उचलून ठेवली.

लुमिन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. परवा विमानातून उतरून घरी आल्यापासून तिने हे पाच वेळा पाहिलं होतं. इनाय आधी तातयच्या, म्हणजे लुमिनच्या वडिलांच्या, ताटात भात वाढायची, मग मासा, मग स्वतःच्या ताटात चिमूटभर भात. मग हात मांडीवर ठेवून बसून राहायची. पोटात जायची ती कुणी बळेच पाजलेली पेज तेवढी.

"आई, दोन घास तरी खा ना गं," लुमिन म्हणाली. घरात सगळे आईला इनायच म्हणत, पण काकुळतीला आली की लुमिन लहानपणासारखी नुसतं आई म्हणायची.

"तो आला की खाईन."

"इनाय, तातय गेले. चाळीस दिवस झाले आज."

"गेला म्हणतेस, पण आला कधी?" इनाय शांतपणे म्हणाली आणि भांडी विसळायला उठली. उठताना तिने टेबलाचा कोपरा दोन्ही हातांनी धरला.

बाप गेला तेव्हा लुमिन इथे नव्हती. तिकडे परदेशात, म्हाताऱ्यांच्या आश्रमात, ती दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांना आंघोळ घालत होती. कागदपत्रांच्या घोळात तिला निघायला अडतीस दिवस लागले. तातय तेयो गेले ते आपल्या जीपनीच्या, उतारू वाहायच्या लांब जीपच्या, सीटवर, चढाच्या पायथ्याशी, शेवटचे उतारू उतरवून घराकडे गाडी वळवता वळवता. घरी आले ते दवाखान्याच्या गाडीतून. पाच दिवस शवपेटी या ओट्यावर होती, गावातलं माणूसन्‌माणूस येऊन गेलं, पत्ते खेळून आणि कॉफी पिऊन जागलं. पण इनायच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती. नवरा चढ चढून आलाच नाही, कारण तिने ते ऐकलंच नाही.

एकोणीस वर्षं तिने ते रोज ऐकलं होतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास जीपनी चढाला लागली की तातय पहिला गिअर टाकायचे. तो घरघराट चिंचेपाशी पोचला की इनाय भात उतरवायची, गोठाणापाशी आला की मासा वाढायची. तातय हात धुऊन बसेपर्यंत ताट तयार असायचं आणि त्यांनी पहिला घास घेतला की मग ती.

आता मेलेल्याचा जीव चाळीस दिवस घराभोवती असतो आणि चाळिसाव्या संध्याकाळी, प्रार्थना झाली की निघून जातो, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण जो आलाच नाही तो जाणार कसा, आणि तो जेवल्याशिवाय ही जेवणार कशी? लुमिनने काल आईचं मनगट हातात घेतलं होतं आणि लगेच सोडलं होतं. धंद्यानेच तिला मनगटं कळायची. असं मनगट झालेली माणसं पुढच्या महिन्याचं कॅलेंडर बघत नाहीत.

"तुझ्या भावांना जाऊन विचार, गाडी कधी चढवताय," ओट्यावर केळीच्या पानात चिकट भात गुंडाळत बसलेली तिया इस्का म्हणाली. तातयची ही थोरली बहीण, ऐंशीची, आणि तोंड अजून विशीचं. "नवव्या दिवशीच बापाच्या गाडीचं काळीज काढून नेलं मेल्यांनी. मी सांगत होते, वर्ष होऊ द्या, मयताच्या वस्तूला हात लावू नये. पण माझं ऐकतो कोण! तुझी आई म्हणाली, न्या, पण चाळिसाव्याला त्याला एकदा वर घेऊन या. आता बसा तिला दिलेल्या शब्दाची वाट बघत."

"आणलं नाही तर?"

तिया इस्काने पानाची गाठ दातांनी आवळली. "तर हिला पण गुंडाळायची तयारी करा."

लुमिन चपला घालून चढ उतरू लागली.

थोरल्या भावाची, इसिद्रोची, गाड्या दुरुस्त करायची शेड चढाच्या पायथ्याशी होती, स्टँडच्या मागे. बाहेर तातयची जीपनी विटांवर ठेवलेली होती. चाकं काढलेली, नाकाचा पत्रा उघडा आणि आत नुसती पोकळी. चासी इतकी गंजली होती की तपासणीवाल्याने खाली वाकून बघितलं आणि कागदावर काट मारली. जीपनी भंगारात जाणार हे तातय असतानाच ठरलं होतं. कपाळावरची पाटी तेवढी शाबूत होती, लाल-पिवळ्या अक्षरांत तिघा भावंडांची नावं, इसिद्रो, लुमिन, बेनहर, बापाने स्वतः रंगवलेली. त्या पोकळीकडे बघून लुमिनचा संताप उफाळून आला. तिथलं इंजिन तिच्या पहिल्या वर्षाच्या कमाईचं होतं. बसवलं त्या दिवशी तातयने फोन इंजिनापाशी धरला होता. "ऐक, तुझी पोरगी रडतेय बघ," असं ओरडले होते ते, आणि ती तिकडे एका परक्या न्हाणीघरात उभी राहून हसत हसत रडली होती.

"कुया," थोरल्या भावाला मारायची हाक मारत ती शेडमध्ये शिरली आणि म्हणाली, "मला एक फोन करावासा वाटला नाही तुला? बापाची माती वाळली नव्हती अजून."

इसिद्रो मिनी ट्रकच्या खाली होता. नुसते पाय दिसत होते. पन्नाशीच्या माणसाचे, टाचा फुटलेले. "आली का पाहुणी," आवाज आला. "पान्हा दे बावीसचा."

"तुला विचारतेय मी."

"फोन करून काय करणार होतीस? तिकडून नट आवळणार होतीस?" तो घसरत बाहेर आला. डोळे लाल, गालांवर ग्रीस. "महिन्याअखेर जीपनी नेणार होते. पत्र्यासकट, इंजिनासकट. भंगाराच्या दाबाखाली तुझं इंजिन चपटं झालेलं चाललं असतं तुला?"

"आणि मग बेनहरच्याच गाडीत का?"

"कारण बेनहरचीच गाडी मेलेली होती, म्हणून!" कोपऱ्यात स्प्रिंगचे पाटे घासत असलेला धाकटा बेनहर मान वर न करता बोलला. त्याचा जुना जपानी मिनी ट्रक, कॉफीची पोती वाहणारा, पेट्रोलचं इंजिन जळून सहा महिने पडून होता. "आते," थोरल्या बहिणीला म्हणायचा तोच शब्द वापरत तो म्हणाला, "तुला नको असेल तर काढून टाकू. मी काय मागायला गेलो नव्हतो."

"हो, तू कधीच काही मागत नाहीस. तुझ्या पुढ्यात आपोआप पडतं सगळं."

"बघ कुया, कशी बोलते!"

"बरोबर बोलते," इसिद्रो म्हणाला, आणि बेनहरचा चेहरा उतरला. क्षणभर थोरला भाऊ आणि बहीण एका बाजूला झाले. पण इसिद्रो तिथे थांबला नाही. "तशी तीही कमी नाही. एकोणीस वर्षं परक्यांच्या म्हाताऱ्यांना चमच्याने भरवते आणि इथे बापाला पाणी पाजायला..." तो मध्येच थांबला. बेनहर उठून लुमिनच्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

"पुरे, कुया," बेनहर म्हणाला. "ते नको."

बाहेर स्टँडवर कुणीतरी गावाचं नाव घेऊन उतारूंना हाका मारत होता. लुमिनने खाली पडलेला बावीसचा पान्हा उचलला आणि थोरल्या भावाच्या हातात दिला.

"इनायचं मनगट बघितलंस?" तिने विचारलं.

इसिद्रोने मान हलवली. "म्हणून तर तीन दिवस झोपलो नाही. साडेचारला चालू करतो. पाचला प्रार्थना आहे ना?"

दुपारभर तिघं राबली. लुमिन ड्रायव्हरची पोर, तिला हत्यारांची नावं पाठ होती. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडलेलेच चेनकप्पीने ट्रकमध्ये उतरवून झाले होते, माउंटिंग नवीन वेल्ड केली होती, शाफ्ट कापून लांबीला आणला होता. सगळ्यात त्रास दिला होता मागच्या अॅक्सलने. गिअरबॉक्सचं तोंड एका बाजूला आणि अॅक्सलचं दुसऱ्या, मधला शाफ्ट तिरका जायचा. शेवटी परवा इसिद्रोने अख्खी अॅक्सल काढून पालथी घातली, पाट्यांच्या बैठका कापून दुसऱ्या अंगाला वेल्ड केल्या आणि शाफ्ट सरळ रेषेत आला. "बघ, कसा दोरीत बसलाय," तो हातातल्या चिंधीने शाफ्ट पुसत म्हणाला. एवढाच एकदा तो त्या दिवशी हसला.

साडेचारला त्याने चावी फिरवली.

इंजिनाने दोनदा खोकल्यासारखं केलं, काळा धूर टाकला आणि धरलं. तिघंही जागच्या जागी थिजली. तोच आवाज, तीच घोगरी घरघर, तोच तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला किंचित लंगडणारा ठोका. बेनहरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लुमिनला वाटलं, आत्ता सीटवरून कुणीतरी म्हणेल, काय गं, उभी काय राहिलीस, बस ना मागे.

इसिद्रोने क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

ट्रक सरळ मागे गेला आणि टायरच्या ढिगात घुसला.

"गिअर चुकला," बेनहर म्हणाला.

इसिद्रोने पुन्हा नीट बघून पहिला टाकला. ट्रक आणखी मागे गेला, वरचे दोन टायर गडगडत खाली आले. मग त्याने रिव्हर्स टाकला आणि ट्रक डौलात पुढे आला. इसिद्रो इंजिन बंद न करता खाली उतरला, वाकून अॅक्सलकडे बघितलं आणि हळूच जमिनीवर बसला.

बेनहरला आधी हसू फुटलं. आवरेना. "कुया, कुलासकाकाची जीपनी!" तो म्हणाला, आणि लुमिनलाही आठवलं. कुलासकाका शेजारच्या गावचा मेकॅनिक. त्याने एकदा अॅक्सल पालथी बसवली, तर गाडीला मागे जायला चार गिअर आणि पुढे जायला एकच. अॅक्सल पालथी केली की चाकं उलटी फिरणार, हे धंद्यातल्या कच्च्या पोरालाही कळतं. तातय जेवताना ती गोष्ट सांगून इतके हसायचे की भात नाकात जायचा. इसिद्रो स्वतः तीस वर्षं ती गोष्ट सांगून गिऱ्हाइकांना हसवत आला होता.

पण इसिद्रो हसत नव्हता. त्याचे खांदे हलत होते.

"दरवेळी," तो म्हणाला, "दरवेळी मी काम संपवलं की तातय यायचे. बोलायचे काही नाहीत. चाकं जॅकवर असतानाच गिअर टाकायला लावायचे, खाली वाकायचे, एकदा बघायचे आणि जायचे. मला राग यायचा. वाटायचं, म्हाताऱ्याचा अजून माझ्या हातावर भरवसा नाही." त्याने ग्रीसच्या हातांनी डोळे पुसले, चेहरा आणखी काळा झाला. "कुणी वाकून बघितलंच नाही गं, लुमिन. या खेपेला कुणी बघितलंच नाही."

लुमिन त्याच्या शेजारी बसली. एवढा मोठा भाऊ, लहानपणी तिला खांद्यावर बसवून नदी ओलांडणारा, तिच्या कुशीत डोकं घालून रडला. बेनहरचं हसू केव्हाच विझलं होतं.

"सुलटी करायला किती वेळ?" लुमिनने विचारलं.

"उद्या दुपार."

"मग रिव्हर्सवर ने," बेनहर म्हणाला. "पुढे जाते ना? तोंड वर करून चढव चढ."

"रिव्हर्सचा आवाज वेगळा असतो," इसिद्रो म्हणाला. "किंचाळतो तो. तिने आयुष्यात तसा ऐकलेला नाही. ओळखणार नाही ती. नाही जमणार. तू वर जा आणि सांग, इसिद्रोने घाण केली."

वर चर्चची घंटा झाली. पावणेपाच. लुमिनने ट्रककडे बघितलं, चढाकडे बघितलं.

"पहिल्यावरच ने," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? मागे जाईल."

"मग मागेच जाऊ दे. ट्रक वळव, तोंड खाली कर आणि उलटा चढव. आवाज तर पहिल्याचाच येईल ना?"

इसिद्रो तिच्याकडे बघत राहिला. मग उठला. बेनहर आधीच जीपनीच्या कपाळावरची पाटी खोलायला धावला होता. "आधी शेपूट दिसणार ना," तो म्हणाला, "मग ही मागेच बांधू."

लुमिन धापा टाकत वर पोचली तेव्हा ओट्यावर शेजारच्या बायका माळा घेऊन बसल्या होत्या. मेणबत्त्या लागल्या होत्या. आत मातीच्या मडक्यात तुलिंगन मासा वाळवलेल्या आंबट बिलिंबीत सकाळपासून शिजत होता आणि इनाय टेबलाशी दोन ताटांसमोर बसली होती.

"काय झालं?" तिया इस्काने विचारलं. "तोंड का असं?"

"येतायत," लुमिन म्हणाली. एवढंच.

प्रार्थना सुरू झाली. तिया इस्का पुढे म्हणायची, बायका मागून. तिसऱ्या मण्याला खालून आवाज आला. बायकांचे ओठ हलत राहिले, पण आवाज बारीक होत गेला. पहिला गिअर. जड, घोगरा, चढाला धरून येणारा. लुमिनने आईकडे बघितलं. इनायची मान वर झाली होती.

आवाज चिंचेपाशी आला. इनाय उठली. टेबलाचा कोपरा न धरता उठली. चुलीवरून भाताचं पातेलं उतरवलं, आणि गोठाणापाशी घरघर वाढली तशी मडक्यातला मासा न मोडता एका ताटात वाढला.

मग वळणावर ट्रकची शेपूट दिसली. वर बांधलेली लाल-पिवळी पाटी, बाजूने हातवारे करत उलटा चालणारा बेनहर, आणि खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघत ट्रक ओढून आणणारा इसिद्रो.

"अगं बाई, उलटी!" तिया इस्काने छातीवर क्रूस काढला. "मेल्यांनो, मयताच्या दिवशी उलटी गाडी! मी सांगत होते..."

"तिया, माझी चूक झाली," इसिद्रो खिडकीतूनच ओरडला. त्याचा आवाज फुटला. "इनाय, चुकलं माझं. मी अॅक्सल..."

"बंद करू नकोस," इनाय म्हणाली.

ती ताट घेऊन ओट्यावरून उतरली. बायका बाजूला झाल्या. ती ट्रकच्या मागच्या फळीपाशी गेली, पाटीवरच्या नावांकडे बघितलं आणि ताट फळीवर ठेवलं. इंजिन धडधडत होतं, ताटातला भात थरथरत होता. उभ्याने हात मांडीवर ठेवता येईनात म्हणून ती ते एकमेकांत गुंफून उभी राहिली. लुमिनला वाटलं, आता काहीतरी बोलेल, रडेल. तातयला जेवायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ ती नुसती उभी राहिली.

"तोंड तिकडे करूनच आलाय," शेवटी ती म्हणाली, कुणाला उद्देशून नाही. "थांबायचं नाही त्याला. घाई आहे."

"इनाय..."

"असू दे. जेवला तो."

तिने ताट उचललं. तिया इस्का पुढे आली आणि तिने भावजयीच्या पाठीवर हात ठेवला. रोज पहाटे तातय निघताना इनाय जीपनीच्या मागच्या पत्र्यावर दोन थापा मारायची. उतारू चढले, निघा, अशी कंडक्टर मारतो तशी. लहानपणी अंथरुणात लुमिनला त्या थापांनीच जाग यायची.

इनायने हात उचलला. हवेत तो बराच वेळ राहिला. चाळीस दिवसांत कुणी तिला रडताना बघितलं नव्हतं, आता ती रडत होती, नाक वाहत होतं, पुसत नव्हती.

मग तिने दोन थापा मारल्या.

इसिद्रोने गिअर न्यूट्रलला घेतला आणि ब्रेक सोडला. तोंड उताराकडेच होतं. ट्रक आपल्या वजनाने घरंगळू लागला, घरघर करत गोठाणाकडे, मग चिंचेकडे. बायकांनी प्रार्थना पुन्हा धरली. इनाय अंगणात रिकामा हात तसाच धरून ऐकत उभी राहिली. आवाज बारीक होत होत स्टँडच्या गलक्यात मिसळला आणि मग खाली, शेडपाशी, थांबला.

"बंद केलं?" तिने विचारलं.

"हो, इनाय."

इनाय हातातल्या गार झालेल्या ताटाकडे बघत राहिली. मग ते तिने तिया इस्काकडे दिलं, ओटा चढली आणि टेबलाशी आपल्या जागेवर बसली.

"मग मला वाढ," ती म्हणाली.

लुमिनने मडक्यातून माशाचा तुकडा काढला, काटे वेचले आणि भात कालवला. मग घास करून तो तिने इनायच्या तोंडापाशी धरला.